वाळवंट, बर्फ आणि आम्ही दोघं : पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलचे १५१६ किलोमीटर

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. गेल्या श्रावणात ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेवर इथे लिहिलं होतं, तेव्हा "पुढे कुठे?" असं काहींनी विचारलं होतं. तेव्हा बोलले नव्हते, कारण परमिट हातात नव्हतं. आता आम्ही जाऊन परत आलोय.

यंदा एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मी आणि नवरा अमेरिकेतल्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर चाललो. मी ५३ वर्षांची, तो ५६. ही वाट मेक्सिकोच्या सीमेवर, कँपो नावाच्या लहानशा गावाजवळ सुरू होते आणि कॅलिफोर्निया, ऑरेगन, वॉशिंग्टन अशी तीन राज्यं ओलांडून कॅनडाच्या सीमेला भिडते. एकूण साधारण ४२६५ किलोमीटर. तिला राष्ट्रीय वाटेचा दर्जा मिळाला १९६८ साली आणि ती सलग पूर्ण झाल्याचं जाहीर झालं १९९३ साली. आम्ही सगळी केली नाही. कँपोपासून योसेमिटीतल्या ट्युओलमी मेडोजपर्यंतचा पहिला तुकडा केला : ९४२ मैल, म्हणजे १५१६ किलोमीटर. ८२ दिवस लागले, त्यातले १३ विश्रांतीचे.

ठरवून हाच तुकडा घेतला. पहिले ७०० मैल दक्षिण कॅलिफोर्नियाचा रखरखीत मुलूख, आणि केनेडी मेडोज ओलांडलं की सिएरा नेवाडाचे बर्फाचे डोंगर. वाळवंट म्हटल्यावर सपाट वाळू डोळ्यांसमोर आणू नका. आपल्या सटाणा-मालेगावकडचे उघडे डोंगर आठवा, त्यांवर निवडुंग आणि काटेरी झुडपं लावा आणि ओढे कायमचे काढून टाका. मधेच सॅन हॅसिंटोसारखा डोंगर येतो, वर पाइनची झाडं आणि बर्फ, आणि तिथून एका दमात अठराशे मीटरच्या घरात उतार. त्या उतारावर नवऱ्याचे गुडघे पहिल्यांदा बोलले.

माहिती आंतरजालावर ढिगाने आहे. मला लिहायचंय ते दोघांनी मिळून चालण्याबद्दल. त्यावर कुणी आम्हाला आधी काही सांगितलं नव्हतं आणि त्याची किंमत आम्ही सहाव्या दिवशी मोजली.

त्या दिवशी आम्ही सॅन फेलिपे हिल्स चढत होतो. खाली सिझर्स क्रॉसिंग, म्हणजे दोन डांबरी रस्त्यांची फुली. तिथून पुढचा भरवशाचा झरा जवळजवळ ३८ किलोमीटरवर. मधे २२ किलोमीटरवर 'थर्ड गेट' नावाची जागा आहे, तिथे स्वयंसेवक पाण्याचे कॅन आणून ठेवतात, पण त्यावर विसंबून निघू नये असं सगळेच बजावतात. आमच्याकडे आठ लिटर पाणी होतं. नवरा म्हणाला, "सहा माझ्याकडे दे, तुझी पाठ वाचेल." मला ते मायेचं वाटलं आणि होतंही मायेचंच. मी दोन लिटर घेतले.

त्याची चाल माझ्यापेक्षा जलद. तासाभरात तो एका वळणाआड गेला, मग पुढच्या. त्या डोंगराला वाट अशी आडवी कोरलेली आहे की प्रत्येक सोंडेवरून समोरची सोंड दिसते, माणूस दिसत नाही. साडेदहाला माझ्या डाव्या पोटरीत चोया निवडुंगाचा गोळा शिरला. लिंबाएवढा गोळा, सगळीकडून पिवळट काटे आणि प्रत्येक काट्याला बारीक उलटे दात. हाताने ओढायला गेले तर तो बोटांत घुसला. शेवटी पिशवीतला कंगवा काढला. गोळ्याच्या आणि कातडीच्या मधे दात सरकवून एकदम बाहेर झटकला. कातडी तंबूसारखी वर उचलली गेली आणि मग सुटली. सात काटे आत मोडले, ते चिमट्याने काढायला पाऊण तास गेला. सावली नव्हती. त्या पाऊण तासात माझं उरलेलं पाणी संपलं.

पाणी संपल्यावर पुढचा दीड तास मी चालले. जीभ टाळूला चिकटते म्हणतात ते खरंच तसं होतं. नवरा थर्ड गेटला माझी वाट बघत बसला होता, मग त्याला राहवलं नाही आणि तो उलटा निघाला. भेटला तेव्हा त्याच्या सॅकमध्ये साडेतीन लिटर पाणी होतं. माझंच पाणी, त्याच्या पाठीवर, तीन किलोमीटर पुढे.

त्या रात्री तंबूत आम्ही बराच वेळ बोललो नाही. मग ठरवलं. पाणी ज्याचं त्याने आपल्या पाठीवर न्यायचं. गाळणी दोन, दिवे दोन, औषधं दोन पुड्यांत. आणि मी पुढे, तो मागे. पहिले सहा दिवस सोडले तर उरलेली सगळी वाट आम्ही अशीच चाललो.

प्रश्न असतील तर विचारा. उत्तरं सवडीने देईन, पण देईन.

निफाडकर

ताई, कंगव्याचं वाचून अंगावर काटा आला. पोटरी बरी आहे ना आता? माझा प्रश्न खाण्याचा. तुम्ही शाकाहारी आहात, हे तुमच्या जुन्या धाग्यांवरून माहीत आहे. अडीच-पावणेतीन महिने काय खाल्लंत? आणि आमच्या बेदाण्यांना संधी दिली का?

गोदाकाठची

निफाडकर दादा, पोटरी ठणठणीत आहे. बेदाणे तिथलेच घेतले, कारण कॅलिफोर्निया स्वतःच द्राक्ष-बेदाण्याचा मुलूख. पण खाताना आठवण पिंपळगावचीच.

मार्चमध्ये गच्चीवर वाळवण घातलं. नाशिकचं मार्चचं ऊन त्याला पुरेसं आहे. मुगाची आणि मटकीची उसळ शिजवून, तेल अगदी बेताचं घालून, पातळ पसरून तीन दिवस कडकडीत वाळवली. कोबी आणि गाजर किसून वाळवलं. नागलीचं सत्त्व, मेतकूट, भाजणी, चटण्या. विमानतळावर सगळं जाहीर केलं आणि प्रत्येक पिशवीवर आत काय आहे ते इंग्रजीत लिहिलं होतं. अधिकाऱ्याने दोन पिशव्या उघडून पाहिल्या आणि सोडलं.

वाटेवर सगळ्यात उपयोगी पडले ते पोहे. तिथे बरेच जण गॅस वाचवायला 'कोल्ड सोकिंग' करतात, म्हणजे डब्यात कोरडं अन्न आणि पाणी घालून तासभर भिजवतात आणि तसंच गार खातात. त्यांचे नूडल्स असे चिकट होतात की बघवत नाही. आपले पोहे तर भिजण्यासाठीच जन्मलेले. वाळवलेलं गाजर, दाण्याचं कूट, मीठ, लिंबाच्या सतचा कण आणि पोहे. दुपारी अकराला डब्यात पाणी घातलं की बारापर्यंत दडपे पोहे तयार. एका जर्मन मुलीला दिले, तर तिने पुढच्या गावात भारतीय दुकान शोधून पोहे विकत घेतले.

वजन मोजून घ्या. वाळवंटात माझी सॅक अन्नपाण्याशिवाय साडेसात किलो होती. त्यावर पाच दिवसांचं अन्न सव्वातीन किलो आणि सहाव्या दिवसानंतर प्रत्येकी चार ते सहा लिटर पाणी. पाण्याचं गणित तिथे ढोबळमानाने आठ किलोमीटरला एक लिटर असं धरतात. मला ऊन चढल्यावर ते कमी पडायचं.

सातमाळा

अभिनंदन दोघांचंही. एक मनातलं बोलतो, राग मानू नये. एवढा पैसा आणि व्हिसाचा खटाटोप करून तिकडे जायची गरज आहे का? अचल्यापासून सुरुवात करा, अहिवंत, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना, राजदेहेर, इंद्राई करत चांदवडला उतरा. एप्रिलमध्ये केलंत तर वाळवंट इथेच आहे. शिवाय प्रत्येक गडावर सातवाहन-यादवांपासूनची कातळातली टाकी आहेत, कॅन ठेवणारे स्वयंसेवक नकोत.

गोदाकाठची

राग कसला! तयारी सातमाळेवरच तर झाली. जानेवारी-फेब्रुवारीत धोडप ते चांदवड हा तुकडा आम्ही दोनदा केला, दहा किलो पाठीवर घेऊन. घसाऱ्यावरून उतरायचं धैर्य तिथलं. टाक्यातलं पाणी गाळून, उकळून प्यायची सवयही तिथली. तिकडच्या एका डबक्यात मेलेला उंदीर तरंगत होता तेव्हा बरोबरची पोरं पुढे गेली, आम्ही बाजूच्या धारेचं पाणी तीनदा गाळून भरून घेतलं.

पण लांब पल्ल्याचं चालणं ही गोष्ट वेगळी आहे. सातमाळेवर चौथ्या दिवशी घरी यायचं असतं, म्हणून शरीर ओढत नेतं. तिसाव्या दिवशी घर मागे पडलेलं असतं आणि पुढेही नसतं. तेव्हा सकाळी उठून बूट घालणं हेच रोजचं काम होतं, स्वयंपाकासारखं. त्याचा अनुभव मला हवा होता आणि तो नवऱ्याबरोबर हवा होता. तीस वर्षं मी शाळेत आणि तो अंबडच्या कारखान्यात पाळीवर, आम्ही सलग तीन आठवडे एकमेकांसमोर कधी राहिलोच नव्हतो.

परिक्रमावासी

गोदाकाठची ताई, मी २०११ साली नर्मदा परिक्रमा पायी केली, एकट्याने. तुमचं शेवटचं वाक्य मनाला लागलं. परिक्रमेत एक जोडपं भेटलं होतं, साठीच्या पुढचं, खानदेशातलं. काका पुढे निघून जायचे आणि काकू प्रत्येक गावात विचारायच्या, "आमचे गेले का पुढं?" लोक म्हणायचे, गेले. ओंकारेश्वरच्या अलीकडे एका आश्रमात काकूंनी सांगितलं, "आता तुम्ही जा, मी एकटीच येते, म्हणजे तुमची वाट बघायची नाही." त्या दिवसापासून काका मागून चालायला लागले. आम्ही हसलो नाही कुणीच.

एक विचारतो. परिक्रमेत सदावर्त असतं, मुक्कामाला आश्रम किंवा देऊळ असतं, "नर्मदे हर" म्हटलं की चहा मिळतो. तिथे माणसांचा आधार कितपत?

गोदाकाठची

काका, तुमच्या काकूंना नमस्कार. मी तुमचं हे नवऱ्याला वाचून दाखवलं.

आधार आहे, रूप वेगळं. मुक्कामाला काहीच नाही, तंबू हेच घर. पण रस्ता जिथे वाटेला छेदतो तिथे कधीकधी कुणीतरी गाडी लावून बसलेलं असतं, फळं आणि थंड पाणी घेऊन. बहुतेक जण स्वतः कधीतरी ही वाट चाललेले किंवा ज्यांची मुलं चालली आहेत असे. त्याला 'ट्रेल मॅजिक' म्हणतात. आपल्याकडे ज्येष्ठात त्र्यंबकची निवृत्तिनाथांची पालखी सिन्नरकडे निघते तेव्हा रस्त्यावर लोक पाणी आणि केळी घेऊन उभे असतात, मला तीच माणसं वाटली. एका म्हाताऱ्या बाईंनी माझे मोजे स्वतःच्या घरी नेऊन धुऊन आणले. मी नको नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, माझा मुलगा चालला तेव्हा कुणीतरी त्याचे धुतले होते.

इंदिरानगरकर

मोहावी वाळवंटाबद्दल लिहा ना. तिथे रात्री चालतात असं ऐकलंय.

गोदाकाठची

हो. टेहाचापी गावाच्या अलीकडे अँटिलोप व्हॅली लागते. तिथे वाट पंचवीसेक किलोमीटर लॉस एंजेलिसला पाणी नेणाऱ्या कालव्याच्या सोबतीने जाते. हा कालवा १९१३ साली सुरू झाला. सिएराच्या पूर्वेच्या ओवेन्स खोऱ्याचं पाणी त्याने शहराकडे वळवलं, तिथले शेतकरी देशोधडीला लागले आणि ओवेन्स तळं कोरडं पडलं. काही अंतर तो उघड्या मोठ्या नळातून जातो, नंतर काँक्रीटच्या झाकणाखालून, आणि माणूस त्या झाकणावरून चालतो. पायाखाली पाणी आहे आणि प्यायला थेंब नाही. आपण वैतरणेच्या धरणाकाठचे लोक, पाणी मुंबईला जाताना पाहणारे, गंगापूर-दारणेचं जायकवाडीला सुटताना पाहणारे. मी त्या झाकणावर उभी राहून बराच वेळ ओवेन्सच्या शेतकऱ्यांचा विचार केला.

दुपारी झाडच नाही म्हणून आम्ही संध्याकाळी सहाला निघालो आणि पहाटे दोनपर्यंत चाललो. चांदणं होतं, दिवा लावावा लागला नाही. जोशुआ झाडं चांदण्यात हात वर केलेल्या माणसांसारखी दिसतात. पुढे पवनचक्क्यांचे लाल दिवे, शेकडो, एकाच वेळी लागणारे आणि विझणारे. नवरा मागून चालता चालता त्याच्या आईबद्दल बोलत होता. लग्नाला २८ वर्षं झाली, मी त्यातलं निम्मं पहिल्यांदा ऐकलं. तोंडं समोरासमोर नसली आणि अंधार असला की पुरुष बोलतात, हे मला तिथे कळलं.

नव्या_वाटेवर

ताई, मी २९ वर्षांची आहे, सातपूरला राहते. नवऱ्याबरोबर लडाखमध्ये मारखा व्हॅलीने सुरुवात करायचा विचार आहे. विचारायला संकोच वाटतो पण विचारते. शौच, पाळी, आंघोळ हे कसं जमवायचं? आणि साप?

गोदाकाठची

संकोच करू नकोस गं, हेच विचारायला हवं.

एक हलकं खुरपं मिळतं, वीसेक ग्रॅमचं. वाटेपासून आणि पाण्यापासून साठ-सत्तर मीटर लांब जायचं, वीतभर खड्डा खणायचा, नंतर बुजवायचा. कागद पुरायचा नाही, जाड प्लास्टिकच्या पिशवीत बरोबर आणायचा. माझी पाळी गेली आहे, पण बरोबरच्या मुली कप वापरत होत्या आणि रोज त्यासाठी अर्धा लिटर पाणी जास्त घेत होत्या. ते अर्धा लिटर हिशोबात धरच. आंघोळ गावात, आठवड्यातून एकदा. रोज रात्री ओल्या रुमालाने पाय, काखा आणि मांड्यांचे सांधे पुसायचेच, नाहीतर तिसऱ्या दिवशी चालणं थांबतं. बूट नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठे घे. पाय सुजतात आणि बरेचदा पुन्हा पहिल्या मापावर येत नाहीत. माझे अजून आलेले नाहीत.

रॅटलस्नेक आम्हाला अकरा दिसले. तो आपल्या फुरशासारखाच बहुतेकदा आधी आवाज करतो, शेपटी खुळखुळवतो. आवाज आला की जागीच थांबायचं, कुठे आहे ते बघायचं, मग लांबून वळसा. घाईने मागे उडी मारलीस तर चोयावर बसशील.

मारख्याला मात्र एक गोष्ट वेगळी. तू थेट लेहला विमानाने जाणार, साडेतीन हजार मीटरवर. पहिले दोन दिवस नुसतं बसून राहा. तरुण आहोत म्हणून निघू नका.

सातमाळा

उंचीचा त्रास तुम्हाला झाला का? सिएराचं तुम्ही काहीच लिहिलं नाही अजून.

गोदाकाठची

मला नाही, नवऱ्याला झाला. सिएराचं थोडं मागे ठेवलं होतं, कारण तिथे सगळं उलटं झालं.

केनेडी मेडोजला बर्फाची कुऱ्हाड, बुटांना लावायचे काटे आणि अस्वलाचा डबा घेतला. हा डबा म्हणजे जाड प्लास्टिकचा पिंप, अस्वलाला उघडता येत नाही असा. सिएराच्या बऱ्याच भागात तो सक्तीचा आहे. सगळं अन्न त्यातच, अगदी टूथपेस्टसुद्धा, आणि रात्री तंबूपासून लांब ठेवायचा.

फॉरेस्टर पास ही अख्ख्या वाटेवरची सगळ्यात उंच खिंड, ४००९ मीटर. आपलं साल्हेर १५६७. एकावर एक अडीच साल्हेर. आदल्या रात्री टिंडाल क्रीकजवळ मुक्काम होता. नवऱ्याचं डोकं दुखत होतं आणि त्याने पोहे अर्धे टाकले, तेव्हाच मी ओळखलं. तो म्हणत होता, दमलोय फक्त. दमलेला माणूस जास्त खातो, हे मला ६० दिवसांत कळलं होतं. त्या उंचीवर आम्ही एक अख्खा दिवस थांबलो. बरोबरचा गट पुढे गेला. त्याला ते फार लागलं, पण तो थांबला. दुसऱ्या सकाळी डोकं उतरलं आणि भूक लागली. उतरलं नसतं तर आम्ही खाली परत फिरणार होतो.

निघालो पहाटे साडेतीनला. बर्फ पहाटे दगडासारखा असतो, काटे चावतात, चालता येतं. अकरानंतर तोच बर्फ मऊ पडतो आणि माणूस मांडीपर्यंत आत जातो. वरच्या टप्प्यात वाट कड्यात कोरलेली आहे, आणि माथ्याच्या जरा खाली बर्फाने भरलेली एक घळ आडवी ओलांडावी लागते. वीसेक पावलं असतील. खाली बघू नये असं सांगतात. मी बघितलं, निळसर सावलीत घळ सरळ खाली गेलेली होती. कुऱ्हाड डोंगराच्या बाजूला रोवायची, एक पाय, दुसरा पाय, मग कुऱ्हाड काढायची. मी पार झाले आणि वळून उभी राहिले. नवरा आठव्या पावलावर थांबला. त्याचा डावा गुडघा थरथरत होता, मला दिसत होता. मी काही बोलले नाही. त्याने कुऱ्हाड पुन्हा रोवली, दोन श्वास घेतले आणि आला.

सहा-पन्नासला माथ्यावर होतो. उत्तरेला नुसती शिखरं. आम्ही नागलीचं सत्त्व गूळ घालून प्यालो.

पुढे म्युर पासवर १९३० साली बांधलेली दगडी झोपडी आहे, गोल छपराची, तिथे पाऊण तास वाऱ्यापासून आडोसा घेतला. ओढे मात्र खिंडींपेक्षा धोक्याचे. दुपारी बर्फ वितळून पाणी फुगतं, म्हणून ओढे सकाळीच ओलांडायचे. एका ठिकाणी पाणी माझ्या कमरेला होतं, तेव्हा आम्ही परत फिरून रात्रभर थांबलो आणि पहाटे तोच ओढा गुडघ्याइतका होता.

इंदिरानगरकर

व्हिसा आणि परमिटचं थोडक्यात सांगाल का? तुमची मुलगी तिकडे आहे, तसं कुणी नसेल तर जमेल का?

गोदाकाठची

आम्ही पर्यटक व्हिसावर गेलो. सहसा सहा महिने राहायला देतात, ते उतरल्यावर अधिकारी ठरवतो. ५०० मैल किंवा त्याहून जास्त चालणाऱ्यांना एकच परमिट मिळतं, पण मेक्सिकोच्या सीमेवरून दिवसाला ५० जणांनाच सोडतात. त्यासाठी आधीच्या नोव्हेंबरमध्ये आणि नंतर जानेवारीत ऑनलाइन तारीख घ्यावी लागते. दोघांनी वेगवेगळे अर्ज करायचे. आम्हाला एकच तारीख मिळाली हे नशीब. स्टोव्हसाठी कॅलिफोर्नियाचं आगीचं परमिट वेगळं, तेही ऑनलाइन. आमची मुलगी सॅन दिएगोला आहे, तिने दोन खोकी वाटेवरच्या गावांत पाठवली. तिच्याशिवायही जमतं. बहुतेक जण गावातल्या दुकानांतूनच घेतात.

नव्या_वाटेवर

ताई, तुमची सगळी उत्तरं नवऱ्याला वाचायला दिली. तो पाण्याच्या भागापाशी गप्प झाला. मागच्या महिन्यात हरिहरला आमचं अगदी हेच झालं होतं, फक्त पाऊस होता म्हणून निभावलं. तुम्ही दोघं कधी सरावाला जात असाल तर आम्ही येऊ का?

गोदाकाठची

या की. रविवारी पहाटे साडेपाचला पांडवलेण्याच्या पायथ्याशी. पायऱ्या चार वेळा चढून उतरायच्या, सॅक भरलेली हवी. सातमाळा दादा, तुम्हीही या, धोडपची पाण्याची टाकी कुठली चालू आहेत ते हिला समजावून सांगा. बाटल्या ज्याने त्याने आपापल्या भरून आणा.